मावळतीकडे दोघी

वेस्टर्न सिनेमाचा शेवट आपल्याला पाठ असतो. गुंड मेलेले असतात, घरातली बाई दारात उभी असते आणि नायक घोडा वळवून एकटाच निघून जातो. १९५३ च्या 'शेन'मध्ये एक लहान पोरगा मागून हाका मारत राहतो, तरी तो थांबत नाही. गेल्या दहाएक वर्षांत अमेरिकेत आलेल्या काही कादंबऱ्यांनी या शेवटाला हात घातला आहे. त्यांत घोडे दोन असतात, स्वारही दोन असतात आणि त्या कधी दोघी बायका असतात. काळ मात्र सरळ एकोणिसाव्या शतकाचा नसतो. तो उद्याचा तरी असतो, नाहीतर वाफेच्या अजब यंत्रांनी भरलेला कालचा.

आक्षेप इथूनच सुरू होतो. समलिंगी प्रेमाची गोष्ट सांगायची आहे, तर ती सरळ सांगावी. तिला विज्ञानकथेच्या पाठीवर बसवून वाळवंटात कशाला न्यायचं? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण खऱ्या पश्चिमेतही अशी माणसं होती. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं प्रवासी घोडागाडी हाकणारा चार्ली पार्कहर्स्ट १८७९ मध्ये वारला आणि तेव्हा लोकांना कळलं की देह बाईचा होता. झुनी या मूळनिवासी समाजातली वीव्हा पुरुषदेहाने जन्मली, पण स्त्रियांचा वेष आणि स्त्रियांची कामं तिने आपली मानली. १८८६ मध्ये ती वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडना भेटली. इतकं हाताशी असताना कल्पनेची उसनवारी कशासाठी?

पण ज्याला आपण 'खरी' पश्चिम म्हणतो, तीही बरीचशी रचलेलीच आहे. वस्तीची सरहद्द संपल्याचं १८९० च्या जनगणनेनंतर जाहीर झालं. काऊबॉयला कादंबरीचा नायक करणारं ओवेन विस्टरचं 'द व्हर्जिनियन' आलं ते १९०२ मध्ये, म्हणजे मेजवानी उठल्यावर. पुढे हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेने १९३४ पासून १९६१ पर्यंत समलिंगी माणसाला पडद्यावर उघडपणे येऊच दिलं नाही. एका कल्पनेला दुसरी कल्पना उत्तर देत असेल, तर पहिलीला इतिहासाचा मान आणि दुसरीला पळवाटेचा शिक्का हा न्याय मला पटत नाही.

आता पुस्तकांकडे वळू. सारा गेली यांच्या 'रिव्हर ऑफ टीथ'मध्ये (२०१७) अमेरिकेच्या दलदलीत पाणघोड्यांवर बसलेले काऊबॉय आहेत. हे वेड वाटेल, पण त्याचं मूळ सरकारी कागदात आहे. १९१० मध्ये लुइझियानाचे लोकप्रतिनिधी ब्रुसार्ड यांनी परदेशी प्राणी आणण्यासाठी अडीच लाख डॉलर मागणारं विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडलं होतं. पाणघोडे जलपर्णी खातील आणि माणसं पाणघोडे खातील, असा हिशेब होता. (मुळा-मुठेतली जलपर्णी पाहणाऱ्या पुणेकरांना या योजनेबद्दल थोडी सहानुभूती वाटावी.) या कादंबरीत नायकाचं प्रेम हिरो नावाच्या व्यक्तीवर जडतं. हिरो ना पुरुष, ना स्त्री, आणि याचं तिथे कोणालाच काही वाटत नाही. वाचताना सुखद वाटतं, पण आक्षेपकाचा मुद्दा इथे अर्धा तरी खरा ठरतो. कोणाचा विरोधच नसेल, तर त्या प्रेमाची किंमत किती हे कशावर जोखायचं? पाणघोडे लक्षात राहतात, प्रेम तितकं राहत नाही.

याच लेखकाची 'अपराइट विमेन वॉन्टेड' (२०२०) ही उणीव ओळखून लिहिल्यासारखी वाटते. उद्याच्या अमेरिकेत मोटारी मागे पडून घोडे परत आले आहेत आणि राज्य हुकूमशाहीचं आहे. जिच्यावर नायिका एस्थरचं प्रेम होतं, तिला मंजुरी नसलेला मजकूर बाळगल्याबद्दल फाशी होते. एस्थर ग्रंथपाल बायकांच्या पुस्तकगाडीत लपून पळते. त्या गाडीवरच्या साय या उमेदवार ग्रंथपालाला रस्त्यावर असताना स्त्री-पुरुषापलीकडचं सर्वनाम हवं असतं आणि गावात शिरताना जिवाच्या भीतीने 'ती' व्हावं लागतं. हे मराठीत आणणाऱ्याची परीक्षाच आहे. आपल्याकडे सर्वनाम चुकवता येईल, पण आला-आली-आलं यांतून क्रियापद सुटत नाही. उद्याचा काळ इथे शोभेसाठी नाही. गावाची वेस ओलांडताना बदलणाऱ्या त्या एका शब्दामागे सगळं राज्य उभं आहे.

एलिझाबेथ बेअर यांच्या 'कॅरन मेमरी'त (२०१५) आपला दुवा थेट आहे. रॅपिड सिटी या कल्पित बंदरात कॅरन वेश्यागृहात काम करते. तिथल्या बायकांची सरकारी नोंद 'शिवणकाम करणाऱ्या' अशी असते. एका रात्री एका दलालाच्या तावडीतून सुटलेली प्रिया दारात येते. ती भारतातून आणलेली आहे. मी इथे सावध झालो. गोऱ्या नायिकेने सोडवायची सावळी मुलगी हा साचा आपल्याला ओळखीचा आहे. बेअर त्या साच्याच्या अगदी कडेने जातात, पण आत पडत नाहीत. प्रियाला स्वतःची मतं आहेत, तिचं यंत्रांवर डोकं चालतं, आणि कॅरनला तिच्याविषयी दया येण्याआधी कौतुक वाटतं. खलनायकाकडे माणसाची इच्छाशक्ती ताब्यात घेणारं यंत्र आहे. ज्या घरात शरीर विकलं जातं आणि ज्या गावात मनही ताब्यात घेता येतं, तिथे 'मला तू आवडतेस' हे वाक्य बिनजबरदस्तीने म्हणता येणं हाच कादंबरीचा पेच होतो. तो विज्ञानकथेशिवाय इतका धारदार झाला नसता.

एक आक्षेप मात्र उरतो, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. ही सारी जमीन कोणाची? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना १६०-१६० एकर दिले, ते आधी कोणाचे तरी होते. काळ पर्यायी केला किंवा ग्रह निर्मनुष्य केला की हा प्रश्न अलगद नाहीसा होतो. 'फायरफ्लाय' या अंतराळातल्या वेस्टर्न मालिकेतल्या (२००२) चंद्रांवर माणसाआधी कोणीच नव्हतं, किती सोयीचं! क्विअर लेखकांनी वेस्टर्नच्या नायकाचा पुरुषीपणा निर्भयपणे तपासला. त्याच्या सातबाऱ्यावर इतक्या कठोरपणे बोट ठेवलेलं फारसं दिसत नाही.

राहिला शेवट. ॲनी प्रू यांच्या 'ब्रोकबॅक माउंटन'मध्ये (१९९७) एकाच्या हाती दुसऱ्याचा सदरा उरतो. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये मित्रा मरते. दोन्ही कलाकृती थोर आहेत, म्हणून सुखान्त म्हणजे स्वस्त असं आपल्याला वाटू लागतं. बेअर यांनी २०१८ मध्ये 'स्टोन मॅड' हा पुढचा भाग लिहिला. त्यात कॅरन आणि प्रिया एकत्र राहतात, आणि कॅरनने विचार न करता जीव धोक्यात घातला म्हणून दोघींचं कडाक्याचं भांडण होतं. मरणापेक्षा हे भांडण लिहायला अवघड आहे, असं माझं मत झालं आहे. एकच पुस्तक वाचणार असाल तर 'कॅरन मेमरी' घ्या. पाणघोडे नंतर भेटले तरी चालतील.