चौदा गेले, अडले किती?

काही आकडे असे असतात, की चारचौघांत उच्चारताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. मुलाचे गणितातले गुण, लग्नापायी झालेले कर्ज आणि आपल्या संघाचा पराभव! यांपैकी तिसरा आकडा यंदा आमच्या घरी मुक्कामाला आला. चौदा विरुद्ध शून्य. त्यातले शून्य आमचे, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा फाटा जिथे फुटतो, ते आमचे कसाल. इथे क्रिकेट घरचे, कबड्डी त्याहून घरची. हॉकी मात्र पाहुणी. तरीही शाळेतल्या मुलींनी दोन वर्षे नेटाने सराव केला आणि विभागीय शालेय स्पर्धेसाठी ही सेना फोंडाघाट चढून कोल्हापुरास गेली. आमची कन्या गोलरक्षक. मागून मागून आम्ही चार पालक.

आता या चौदांचा हिशेब. आमच्या मुली खेळतात जांभ्या दगडाच्या मैदानावर. चेंडू खड्यावर आपटून कुठे उडेल, ते त्यालाही ठाऊक नसते. त्यात पावसाचे चार महिने मैदान कमी आणि चिखल जास्त. समोरच्या मुली कृत्रिम हिरवळीवर वाढलेल्या. तिथे चेंडू उडत नाही, नुसता सरपटत पळतो. आमच्या मुली त्याच्या उसळीची वाट पाहत राहिल्या आणि तो काठीखालून निघून गेला! मैदान बदलले की भल्याभल्यांची त्रेधा उडते. 1976 साली मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. तोवर सात सुवर्णपदके जिंकलेला भारत तिथे सातवा आला. मग कसालच्या पोरींनी काय करावे?

पाचव्या गोलानंतर शेजारचे पालक घड्याळ पाहू लागले, दहाव्यानंतर स्वतःच्या वहाणा. मी कॉलेजात रोज हजेरी घेणारा माणूस. सवयीने निराळीच मोजणी आरंभली. कन्येने अडवलेले फटके मी मोजत गेलो. ते भरले एकवीस. फलकावर त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

परतीच्या एस.टी.त ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली,

"बाबा, चवदा गेले."

"आणि एकवीस राहिले."

"ते कसले?"

"तू अडवलेस ते."

तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. बाप आणि त्यातून मराठीचा प्राध्यापक. अलंकार वापरत असेल, असे तिला वाटले असावे. मी खिशातला कागद काढून दाखवला. त्यावरच्या रेघा तिने दोनदा मोजल्या आणि कागद आपल्या दप्तरात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिठ्यावरच्या हॉटेलात एका सद्‌गृहस्थांनी मला गाठलेच.

"गोलात तुमचा चेडू ना, सर? मग चवदा जातलेच!"

सगळे हसले. विनोद निरुपद्रवी होता. पण त्याच्या पोटातली खोड जुनी आहे. हरतात अकरा जण आणि दोष येतो एकट्या गोलरक्षकाच्या माथी. 1 डिसेंबर 1982 रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारत पाकिस्तानकडून अंतिम सामना 1-7 असा हरला. गोलरक्षक मीर रंजन नेगी यांना लोकांनी देशद्रोही ठरवले. पुढली फळी काय करीत होती, बचाव कुठे गेला होता, हे विचारायची कोणाला सवड? सोळा वर्षांनी, 1998 साली, बँकॉकला आपल्या खडकीच्या धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्या संघाच्या गोलरक्षकांना तयार केले ते याच नेगींनी. मधली वर्षे त्यांनी कशी काढली असतील, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

अलीकडचीही गोष्ट आहेच. टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी ऑस्ट्रेलियाने भारताला 7-1 असे लोळवले. गोलात होता श्रीजेश. त्याला कोणी घरी बसवले नाही. अवघ्या अकरा दिवसांनी, 5 ऑगस्टला, जर्मनीविरुद्ध 5-4 अशी आघाडी असताना शेवटच्या क्षणांत आलेला पेनल्टी कॉर्नर त्यानेच अडवला आणि 41 वर्षांनी भारताला हॉकीचे ऑलिंपिक पदक मिळाले. सात गोल खाल्लेलाच तो माणूस!

आमच्या कन्येतून कोणी श्रीजेश निघेल, असा माझा दावा नाही. बहुधा ती पुढे बँकेत किंवा शाळेत नोकरी करील. पण तिथेही चौदा गोल होण्याचे दिवस येणारच. ते कोणाला चुकले आहेत? त्या दिवशी पंधरावा चेंडू येताना पाय रोवून उभे कसे राहायचे, हे तिला कोल्हापुरात कळले. आपल्याला तर ते पन्नाशी जवळ आली तरी शिकावेच लागते.

तेव्हा पालकहो, मूल हरून घरी आले, की गेलेले मोजू नका. ते मोजायला गाव आहे. अडवलेले मात्र घरच्यांनीच मोजायचे असतात. दुसरे कोणी ते मोजीत नाही. त्यासाठी सामना शेवटपर्यंत पाहावा लागतो, इतकेच.

कन्येने सरावाला पुन्हा सुरुवात केली आहे. पुढल्या वर्षी चौदाचे दहा झाले, तर तिठ्यावर चहा माझ्यातर्फे. त्या सद्‌गृहस्थांनाही.