वाण चाचणी करून देता, मग वेबसाइट का नाही?



आज पिकाची नोंद नाही. आज नोंद आहे एका फॉर्मची. पण विषय शेतीचाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

रोपवाटिकेचा प्रमाणपत्र कोर्स करायचा म्हणून मे महिन्याच्या अखेरीला एका विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण विभागाची वेबसाइट उघडली. नाव मुद्दाम घेत नाही, कुणाची बदनामी करायची नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे थ्री फेज लाइट रात्रीची होती. उसाला पाणी सोडलं आणि बांधावर बसून मोबाइलवर फॉर्म भरायला घेतला.

आधी कोर्स सापडेना. वर कुलगुरूंचा संदेश, निविदा, परिपत्रकं, उद्घाटनाचे फोटो. कोर्स होता 'निरंतर शिक्षण' या शब्दामागे, तिसऱ्या पायरीला, तोही इंग्रजीत. आता मला सांगा, कोणता शेतकरी 'निरंतर शिक्षण' असं शोधतो? आपण शोधतो 'नर्सरी ट्रेनिंग', नाही तर 'रोपवाटिका कोर्स'.

माहितीपत्रकाची एक फाइल वाकडी स्कॅन केलेली, बोटानं मोठी करून करून वाचायची. दुसरी जुन्या फॉन्टमधली, मोबाइलवर अक्षरांच्या जागी नुसत्या खुणा. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे, तरी आपण अजून इथेच. शेवटची तारीख लाल सरकत्या पट्टीत. दिवस होता, महिना होता, वर्ष नव्हतं. यंदाची की गेल्या सालची, कसं कळणार? दुसऱ्या दिवशी दिलेल्या नंबरवर चार वेळा फोन केला, कुणी उचलला नाही.

खरी गंमत फॉर्ममध्ये. फोटो 50 केबीच्या आत पाहिजे. तो लहान कसा करायचा ते तिथे लिहिलेलं नाही. भाच्याकडून करून घेतला. तेवढ्यात सरी भरली, दारं मोडायला उठलो. परत येऊन बघतो तर 'सेशन संपले'. नाव, गाव, शिक्षण, सगळं कोरं. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी फी भरण्यापर्यंत पोचलो, खात्यातून पैसे कापले गेले, पावती आलीच नाही. पैसे आठवड्यानं परत आले, पण तोवर मुदत संपली होती. म्हणजे आता पुढच्या वर्षी.

माझं एक वेळ जाऊ द्या. आमच्या वस्तीवरच्या एक वहिनी माझ्याबरोबर हाच कोर्स करणार होत्या. मालक गेल्यापासून 30 गुंठ्यांवर घर चालवतात. मिरची-टोमॅटोची रोपं तयार करून विकायचा विचार होता. त्यांचाही फॉर्म मीच भरत होतो. नाही झाला म्हटल्यावर त्या एवढंच बोलल्या, "जाऊ द्या भाऊजी, आपल्यासाठी नसंल ते." हे वाक्य मला पैसे कापले गेल्यापेक्षा जास्त लागलं. कारण तो कोर्स त्यांच्यासाठीच होता.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्याला ऑनलाइन जमत नाही. हे मला मान्य नाही. हाच शेतकरी मोबाइलवर सातबारा काढतो, बाजारभाव बघतो, हवामान बघतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून आपण बांधावर उभं राहून पिकाचा फोटो स्वतः टाकतोय. अडचणी तिथेही येतात, पण शिकलोच ना? सगळा दोष वापरणाऱ्यावर ढकलून भागणार नाही.

विद्यापीठातल्या मंडळींना माझं एकच विचारणं आहे. नवीन वाण तुम्ही असाच हातात देता का? आधी संशोधन केंद्रावर चाचण्या, मग वेगवेगळ्या ठिकाणी, मग शेतकऱ्यांच्या शेतावर. त्यानंतर संयुक्त अ‍ॅग्रेस्कोमध्ये त्यावर चर्चा, आणि मग शिफारस. वेबसाइट मात्र कार्यालयातल्या मोठ्या स्क्रीनवर, चांगल्या नेटवर बघून पास. ती आमच्या जमिनीत उगवते का, हे कुणी बघितलंय?

ही चाचणी महागही नाही. वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणारे जेकब नीलसन यांनी 2000 सालीच मांडलं होतं, की पाच माणसांना ती वापरायला द्या आणि शेजारी बसून नुसतं बघा, बहुतेक अडचणी तेवढ्यात दिसतात. कृषी विज्ञान केंद्रात रोज शेतकरी येतात. त्यातले पाच जण घ्या, दोन बायका असू द्यात. त्यांच्याच मोबाइलवर, त्यांच्याच रेंजवर सांगा, "कोर्स शोधा आणि फॉर्म भरा." मध्ये बोलू नका. कुठे अडतात ते लिहून घ्या.

माझ्या अनुभवावरून एवढं तरी करा:

1. पहिल्याच पानावर कोर्सची यादी, मराठीत, लोक बोलतात त्या नावानं.
2. प्रत्येक कोर्सला पाच गोष्टी एकाच जागी: कोणासाठी, किती दिवस, फी किती, कागदपत्रं कोणती, शेवटची तारीख वर्षासकट.
3. भरलेलं आपोआप जतन व्हावं. उठून दारं मोडून आलो तरी तिथूनच पुढे सुरू करता यावं.
4. फोटो कितीही मोठा असो, लहान करायचं काम वेबसाइटनं करावं.
5. पैसे कापले आणि पावती नाही आली, तर अर्ज धरलेला राहील, असं स्पष्ट लिहावं.
6. उचलला जाणारा एक मोबाइल नंबर. आणि शेवटची तारीख पेरणीच्या घाईत नको.

यातल्या कशाला फार मोठं बजेट लागत नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही 2009 पासून आहेत.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिथली शिकवणारी माणसं चांगली आहेत. शिवारफेरीला गेलो की तासन्‌तास उन्हात उभं राहून उत्तरं देतात. म्हणूनच वाईट वाटतं. आत एवढं ज्ञान भरून ठेवलंय, आणि फाटकाची कडी आमच्या हाताला लागेना.

पुढच्या वर्षी फॉर्म निघाला की मी परत भरणार, वहिनींचाही भरणार. तोपर्यंत हे वाचणाऱ्यांपैकी कुणी विद्यापीठात असेल, तर एक काम करा. आज संध्याकाळी स्वतःच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, आपल्याच कोर्सचा फॉर्म एकदा भरून बघा.