परदेशांतील नोकरीचा पालट

अमेरिकेंत असलेला मुलगा किंवा मुलगी नोकरी बदलणार, असें कळतांच घरांतील वडील मंडळी प्रथम पगाराची चौकशी करतात. वस्तुतः पहिला प्रश्न परवान्याचा असावयास पाहिजे. आपल्याकडे मनुष्य महिनाअखेर राजीनामा देतो आणि सवडीनें दुसरीकडे रुजू होतो. मधल्या काळांत त्याच्या राहण्याच्या हक्कास बाध येत नाहीं. तिकडे तसें नाहीं.

एच-वन-बी वर्गांत काम करणाराचा परवाना हा त्याच्या मालकानें केलेल्या अर्जाशीं बांधलेला असतो. म्हणून नवा मालक आला कीं नवा अर्ज आलाच. २००० सालच्या कायद्यानें एक मोठी सोय केली. नव्या मालकाचा अर्ज रीतसर दाखल झाला, कीं मंजुरीची वाट न पाहतां तेथें काम सुरू करतां येतें. मात्र मुक्कामाची मुदत संपण्यापूर्वीं अर्ज गेला पाहिजे. आणि तो पुढें नामंजूर झाल्यास तेथील काम थांबवावें लागतें.

व्हिसा आणि मुक्कामाचा हक्क या गोष्टी भिन्न आहेत. पारपत्रावरील व्हिसा दाराशीं जाण्यापुरता. आंत किती दिवस राहावें, हें प्रवेशाच्या नोंदीवरून ठरतें. व्हिशाची तारीख लांबची दिसते म्हणून निर्धास्त राहणें घातक होय.

नोकरी अकस्मात् गेली तर? २०१७ पासून अशा मनुष्यास सामान्यतः जास्तींत जास्त ६० दिवस राहूं देतात; मुक्कामाची मुदत त्याआधीं संपत असेल, तर तितकेच दिवस. या अवधींत काम करतां येत नाहीं. एच-फोर वर्गांतील पत्नी व मुलें यांचें राहणेंही त्यावरच अवलंबून. मालकानेंच मुदतीपूर्वीं काढलें, तर परतीचा वाजवी प्रवासखर्च त्यानें द्यावयाचा असतो. आपण होऊन सोडणारास तो मिळत नाहीं.

तेव्हां घरच्यांनीं नव्या अर्जाची पोंच येण्यापूर्वीं राजीनाम्याची घाई करावयास सांगूं नये. त्याच सुमारास मुंज वा लग्न काढून "चार दिवस येऊन जा" असा आग्रहही धरूं नये. प्रवासापूर्वीं वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. पुढचा पाय स्थिर झाल्यावांचून मागचा उचलूं नये, ही सुभाषितकारांची शिकवण येथें अक्षरशः लागू पडते.

आणि इतकें करूनही ६० दिवसांत कोणास परतावें लागलें, तर "लोक काय म्हणतील" हा प्रश्न त्याच्या कानीं पडूं देऊं नये. आपल्या घरीं येण्यास तरी त्यास कोणाचा परवाना लागूं नये.