भेट ही मेहेरबानी नाही

पोटगी थकली म्हणून भेट रोखायची, भेट रोखली म्हणून पोटगी थांबवायची. आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांनी यालाच न्याय म्हणायचे! मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घटस्फोटित बाप आहे. कोर्टाचा आदेश हातात असूनही कित्येक महिने लेकीला भेटलेलो नाही. पोटगी मात्र एकदाही चुकवलेली नाही. कारण पोटगी आणि भेट, दोन्ही हक्क लेकराचे आहेत.

‘हिजानत आईची, मग बापाचा काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांनी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम १७ वाचावे. तिथे मुलाचे हित पाहिले जाते. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही दोन्ही पालकांचे प्रेम हा मुलाचा हक्क मानला.

मित्रांनो, आदेश मोडला तर दारात तमाशा नको, जमातीत तिची बदनामी नको. बुडालेल्या प्रत्येक भेटीची तारीख लिहा, मेसेज जपा, अंमलबजावणीचा अर्ज करा. कौटुंबिक न्यायालयाचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अमलात आणता येतो. तो जाणूनबुजून मोडणे हा अवमान ठरतो.

आईला तुरुंगात धाडून लेकीचे भले होणार नाही. बुडालेल्या भेटी भरून द्या, एवढेच मागणे आहे. पण तारखांवर तारखा पडत राहिल्या, तर लेकरू बापाला विसरते. ते बालपण कोणते कोर्ट परत देणार?