पारध्याची नोंद ठाण्यात आहे, आपल्या यादीत नाही

जिल्ह्याचं नाव बदललं. २०२४ ला अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण श्रीगोंदा-कर्जतच्या शिवारात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठं वळते? पारध्याच्या पालाकडं. हे सांगायला कुणी संशोधक लागत नाही, आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक असून आपण गप्प आहोत. माझं भांडण त्याच्याशी आहे.

१८७१ ला गोऱ्या सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ आणि १९२४ ला तो आणखी आवळला. गुन्हा कुणी केला ते बघायचं नाही, कुणाच्या पोटी जन्मला ते बघायचं. नाव रजिस्टरात, ठाण्यावर हजेरी, बाहेर जायचं तर पास. सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. मनूनं धर्माच्या नावानं केलं, साहेबानं कायद्याच्या नावानं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, माणसं 'विमुक्त' झाली. १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. दुकान तेच.

फासेपारधी म्हणजे फास लावून तितर, ससा धरणारा. १९७२ ला वन्यजीव कायदा आला आणि त्याचा धंदाच गुन्हा ठरला. बदल्यात जमीन मिळाली? गायरानात पाल ठोकलं की गाव उठवायला येतं. जमातीचा दाखला मागितला की १९५० च्या आधीचा पुरावा आण म्हणतात. ज्याला कुठल्या गावानं टिकूच दिलं नाही, त्यानं आज्याचा पुरावा आणायचा कुठून?

फेब्रुवारी १९९८ मध्ये बंगालात बुधन शबर पोलिसांच्या मारानं मेला. जूनमध्ये इथं शेजारी, बारामतीच्या कोठडीत पिन्या हरी काळे मेला. पारधी, मजूर. महाश्वेतादेवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड उभे राहिले. आपण?

आपल्याला निग्रोंचा लढा पाठ आहे, ब्लॅक पँथरवरून तर आपण नाव घेतलं. आता कॅनडाच्या मिकमॅक लोकांचंही वाचा. १७४९ ला गोऱ्या गव्हर्नरनं त्यांच्या डोक्यांवर इनाम लावलं. १९३० नंतर त्यांची पोरं शुबेनाकेडीच्या निवासी शाळेत कोंबली, बोली मारली. डोनाल्ड मार्शल हा सतरा वर्षांचा पोरगा १९७१ ला न केलेल्या खुनात आत गेला, अकरा वर्षं सडला, १९८३ ला निर्दोष ठरला. तो मिकमॅक होता हेही त्याचं एक कारण, असं पुढं सरकारच्याच आयोगानं लिहिलं. ह्याच मार्शलनं १९९९ ला सुप्रीम कोर्टात मासेमारीचा हक्क जिंकला, १७६०-६१ च्या तहाच्या जोरावर. तरी २०२० ला तो हक्क बजावताना त्यांच्यावर हल्ले झालेच. पण त्यांच्याकडं तहाचा कागद तरी होता. पारध्याच्या नावचा सरकारी कागद एकच, ठाण्यातलं रजिस्टर.

आता आपलं. १९४८ ला 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती एका ओळीत उभ्या केल्या. ह्या संस्कृतीनं काय पैदा केलं ते बघा म्हणाले. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे आदिवासीसुद्धा. सोनईला (२०१३), खर्ड्याला (२०१४) आपण रस्त्यावर आलो, यायलाच पाहिजे होतं. आणि पारध्याचं पाल उठवलं की? "त्यांचं ते बघतील. चोऱ्या करत्यात ते." ही बोली कुणाची? पाटलाची! आपल्या बापजाद्यांना हाच पाटील म्हणायचा, महार गुरांना विष घालतात. आपण जयंतीला वर्गणी गोळा करतो, तेव्हा वस्तीच्या टोकाचं पारध्याचं घर सोडून पुढं जातो. का?

ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं जेल मॅन्युअलातली विमुक्तांना जन्मजात सराईत धरणारी कलमं रद्द केली. कोर्टाचा कागद आपसूक ठाण्यात वाचला जाणार नाही. पुढच्या वेळी पारध्याचा पोरगा उचलला की त्याच रात्री पाच-दहा जणांनी ठाण्यावर जायचं. अटकेचं कारण लेखी मागायचं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभा करा म्हणायचं. मारला असेल तर डॉक्टरी तपासणी मागायची. गावानं पाल जाळलं तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा त्यालाही लागू आहे, पारधी अनुसूचित जमातीत आहे, ती फिर्याद लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि जाताना त्याच्या आईला विचारून जायचं, पोराचं नाव काय.