पहिली चूक कुणाच्या अंगावर?

गेल्या आठवड्यात पालघरच्या एका समारंभात एका ज्येष्ठ सर्जननी ठणकावून सांगितलं : रबराच्या कातडीवर टाके घालून सर्जन घडत नाही, हात रुग्णावरच बसतो. संवाद, प्रसंगावधान, नेतृत्व हे अंगचेच गुण, ते शिकवून येत नाहीत. आणि सिम्युलेशन, म्हणजे असा नकली सराव, हे श्रीमंत कॉलेजांचे चोचले, आपल्या आदिवासी भागाला ते परवडणार नाहीत. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

‘हात रुग्णावरच बसतो.’ कुठल्या रुग्णावर? माझा पहिला टाका वीटभट्टीवरच्या एका मजुराच्या पिंढरीवर पडला. सुई कातडीत काटकोनात शिरवायची आणि मनगट वळवून तिच्या बाकाप्रमाणे बाहेर काढायची असते. मी ती सरळ ढकलत होतो. तीनदा निसटली. भूल उतरत आली होती. खाटेची कड घट्ट धरून तो एवढंच म्हणाला, “सावकाश, डाक्टर.” मनगटाचं ते वळण मला स्पंजाच्या तुकड्यावर एका संध्याकाळी शिकता आलं असतं. मी ते त्याच्या पायावर शिकलो. ज्याच्या गाठीला पैसा आहे तो अनुभवी सर्जन निवडतो. जव्हार-मोखाड्याहून जीपमध्ये दाटीवाटीने आलेल्या बाईला कुणी विचारत नाही, तुमच्यावर पहिला हात चालवू का? म्हणजे हात बसतो तो गरिबाच्या अंगावर, त्याला न विचारता. याला परंपरा म्हणणं मला मान्य नाही.

भाषणात सुश्रुताचाही जयजयकार झाला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा नववा अध्याय मात्र कुणी उघडलेला दिसला नाही. तो सगळा सरावावरच आहे. छेद द्यायला कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. शीर वेधायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. टाके घालायला जाड कापड आणि मऊ कातडं. पट्ट्या बांधायला माणसाचा पुतळा. शास्त्र पाठ असलं तरी असा सराव न केलेला माणूस कामाला लायक नाही, असं तिथे बजावलेलं आहे. सुश्रुताचं नाव घ्यायचं तर हा अध्यायही घ्यावा लागेल.

आधुनिक पुरावा हवा असेल तर २००२ साली प्रसिद्ध झालेला येल विद्यापीठातला प्रयोग आहे. त्यात १६ निवासी डॉक्टर होते. आभासी यंत्रावर आधी सराव केलेल्यांनी पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पित्ताशय २९ टक्के लवकर सोडवलं, आणि दुसऱ्या गटाच्या चुका त्यांच्या सहापट झाल्या.

संवाद अंगचाच असतो? जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्याने वाचून तपासायची १९ मुद्द्यांची यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरली गेली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आलं. तिथले लोक तेच होते, सवय नवी होती. या यादीवरून आम्हा डॉक्टरांत पूर्वी वाद झाला होता. “यादी वाचायला आम्ही काय वैमानिक आहोत का?” असं तेव्हा विचारलं गेलं. माझं उत्तर असं : आपल्याच जिल्ह्यात बोईसर आहे. तिथून जवळच १९६९ पासून तारापूरचं अणुवीज केंद्र चालू आहे. अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात बसणाऱ्याला हुबेहूब नकली कक्षात बिघाडाचा सराव करावा लागतो. त्याला कुणी चोचले म्हणत नाही.

आणि खर्च? दुर्बिणीच्या सरावाला पुरते भोकं पाडलेली प्लास्टिकची पेटी, आत मोबाइलचा कॅमेरा, दुर्बिणीची दोन जुनी हत्यारं आणि मूठभर चिंचोके. चिंचोका एका चिमट्यातून दुसऱ्यात न सांडता देता आला की हात पुढे सरकला. टाक्यांसाठी खाटकाकडून बकऱ्याचं आतडं आणायचं.

माझं मागणं थोडकं आहे. २०१९च्या अभ्यासक्रमाने वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आणली, तिची एक खोली उपजिल्हा रुग्णालयातही असावी. महिन्यातून एकदा अर्धा तास अचानक रक्तस्रावाची तालीम व्हावी, आणि तीत गॉज मोजणाऱ्या सिस्टरने “एक कमी आहे, पोट बंद करू नका” असं सर्जनला मोठ्याने सांगावं. पहिल्यांदा तिची जीभ अडखळेल, पाचव्यांदा अडखळणार नाही. रुग्णावर हात पक्का होतो हे मलाही मान्य आहे, पण तो तिथे कोरा जाऊ नये.

त्या ज्येष्ठांचा हात आजही उत्तम आहे. तो त्यांनी अशा खोलीत येऊन पोरांना दाखवावा. पेटी मी आणतो.