वय बारा, उंची आठची

आमच्या झाडीपट्टीत लेकरू वाढत नसलं की कारण तयारच असतं. "कुपोषण आहे." चेहरा पांढुरका दिसला की "रक्त कमी आहे", नाहीतर "सिकल सेल असेल". चंद्रपूर-गडचिरोलीत ही कारणं खरीच आहेत, आणि म्हणूनच पुढे कुणी विचारत नाही. मला वाटतं, विचारायला हवं.

मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी चाळणी, एवढंच आपण शाळेत शिकलो. पण ते हार्मोनही बनवतं. रक्तपेशी तयार करायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः तिथलंच. 'ड' जीवनसत्त्व कामाचं होतं तेही तिथेच. मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ लागलं की रक्त घटतं, मग नुसत्या लोहाच्या गोळ्या पुरत नाहीत. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोर करतात, हाडांतलं कॅल्शियम ओढतात, पाय वाकतात. वाढीचं हार्मोन रक्तात पुरेसं असतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही. वयात येणंही लांबतं.

लहान मुलांत याचं कारण बरेचदा जन्मजात असतं. मुलग्यांच्या मूत्रमार्गातला पडदा हे त्यातलं एक. अशी लेकरं खूप पाणी पितात, रात्री पुन्हापुन्हा लघवीला उठतात. घरचे म्हणतात, सवय आहे!

अजून एक फसवी गोष्ट. हडकुळ्या पोराचं क्रिएटिनिन मोठ्या माणसांच्या मापात 'नॉर्मल' दिसू शकतं. ते उंचीशी ताडून वाचावं लागतं.

२०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळेतल्या मुलांची तपासणी होते. उंची घसरलेल्या मुलाचा रक्तदाब, लघवीची पट्टी आणि एक क्रिएटिनिन, एवढं व्हावं, असं माझं मत.

"कळून तरी काय? सिरोंच्याहून नागपूर कोण गाठणार?" हा प्रश्न खोटा नाही. वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं महाग, रोज घ्यायची. पण रक्तातलं आम्ल कमी करणारा सोडा, फॉस्फेटवर ताबा, 'ड'च्या गोळ्या, नीट आहार यांना तेवढा खर्च नाही, आणि त्यांनीही हाडं व उंची सावरायला मदत होते. मात्र वाढीचं वय निघून गेलं की गेलेली उंची परत येत नाही. डायलिसिसनेही नाही.

असो. वाचणाऱ्यांत डॉक्टर, शिक्षक, अंगणवाडीताई असतील तर जरूर लिहा. आणि नात्यागोत्यातल्यांनो, घरातल्या पोरांची उंची दर वाढदिवसाला भिंतीवर मांडत जा. रेघ वर सरकत नसेल तर "आजोबांवर गेलाय" म्हणून सोडू नका.